चालत्या घराची गुढी

"नळी सरळ जोडू का तिरकी?" इक्बाल मिस्त्रींनी गाडीच्या मागून विचारलं.

"सरळ," विद्याधर म्हणाला.

"तिरकी," सासूबाई आतून म्हणाल्या.

माझा नवरा आणि त्याची आई यांचं एकमत झालेलं मी सगळ्या संसारात फारसं पाहिलेलं नाही. मी आपली वर्कशॉपच्या सावलीत खुर्ची ओढून उसाचा रस पीत बसले. मार्च संपत आला होता. मिरज रस्त्यावरचं ते पत्र्याचं वर्कशॉप तापून तडतडत होतं आणि आमचं घर तिथे चाकांवर उभं होतं.

घर म्हणजे शाळेची जुनी मिनीबस. वीज मंडळातून निवृत्त झाल्या झाल्या विद्याधरच्या पायाला भिंगरी लागली. त्यानं ही बस घेतली, आतली बाकं काढली, दोन पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी असं सगळं बसवलं. देवांना एक कपाट दिलं. पिवळा रंग तेवढा बदलायचा राहिला, त्यामुळे कुठेही थांबलो की लोक आधी पोरं किती आहेत ते बघायचे. आई आमच्याबरोबर येतील असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, सांगली सोडून कधी फार लांब न गेलेली. पण पहिल्याच दिवशी त्यांनी देव कपाटात मांडले, मागच्या खिडकीजवळचा पलंग धरला आणि गाडीला गाडी म्हणायचं बंद केलं. त्या घरच म्हणायच्या. "घराचं डिझेल भरलंस का रे?" असं विचारायच्या.

"वैनी, रागावू नका," मिस्त्री वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून मला म्हणाले, "पर झेंडा कुठल्या पार्टीचा? इलेक्शनचं दिवस हायत. उगं वाटंत कुणीतरी दगड मारायचं."

मागच्या खिडकीतून आईंचं डोकं बाहेर आलं. "झेंडा नाही हो. गुढी आहे. माझ्या घराची."

"आसं व्हय! मग वर तांब्याचं वजन येणार. नळी जाडच घालतो, आजी."

"आणि तिरकीच घाला. गुढी जरा ओणवी असते. ताठ उभा राहतो तो खांब."

"अगं, तिरकी बसवली तर मागच्या गाडीच्या काचेत घुसेल," विद्याधर म्हणाला.

"कशाला घुसेल? घर उभं असताना मागून कोण धडकतंय?"

नळी तिरकी बसली. एक कडं खाली बंपरला, एक वर टपाजवळ, मध्ये रबराचे तुकडे. मिस्त्रींनी वेळूची काठी त्यात घालून हलवून पाहिली. काठी जागची हलली नाही. विद्याधरनं माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. आम्हाला नळीचं काही पडलं नव्हतं. आमच्या घरात नऊ वर्षं गुढी उभी राहिली नव्हती आणि ती पुन्हा उभी करा असं आईंनीच सांगितलं होतं, याचं आम्हाला नवल वाटत होतं.

नऊ वर्षांपूर्वी पाडव्याच्या दिवशी माझे सासरे गेले. आम्ही तेव्हा पुण्याला होतो. माझ्या नणंदबाई, कुंदाताई, सणाला माहेरी आल्या होत्या. श्रीखंड-पुरीचं जेवण झालं आणि बाबांच्या छातीत कळ आली. कुंदाताई म्हणाल्या, आत्ता रिक्षा बोलावते. आई म्हणाल्या, दारात गुढी आहे, ती तशी ठेवून घराला कुलूप कसं लावायचं, उन्हं कलली की उतरवते आणि निघू. दवाखान्याच्या वाटेवरच बाबा गेले.

बाराव्याला चार माणसांत कुंदाताई बोलून गेल्या, "गुढी उतरेपर्यंत माणूस थांबला नाही ना गं, आई?"

बाबा स्वतःच "पित्त आहे, एवढं काय त्यात" म्हणाले होते, हे मला नंतर शेजारच्या काकूंकडून कळलं. आईंनी ते स्वतःच्या बचावाला कधीच वापरलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आजपासून माझं घर सोडून तुझ्या दारात मी पाय ठेवणार नाही." देवावर हात ठेवून म्हणाल्या. कुंदाताई बॅग उचलून निघून गेल्या. त्यानंतर विद्याधर दोघींमध्ये कितीदा तरी जाऊन आला, मी फोन कानाला लावून दोघींपुढे उभी राहिले, पण उपयोग झाला नाही. आई गुढीची काठी माळ्यावर टाकून मोकळ्या झाल्या. घट्ट माणसं दोघीही. एकाच माळेचे मणी.

आणि आता ही नळी.

"कशासाठी करतेय ही?" त्या रात्री विद्याधरनं मला हळूच विचारलं.

"सण आहे, म्हणून," मी म्हणाले. पण माझाही त्यावर विश्वास नव्हता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आईंनी फर्मान काढलं, की सांगलीत फार उकडतंय, आंब्याला जाऊ. आंबा म्हणजे घाटमाथ्यावरचं गाव. तिथे थंड असतं हे खरं, त्यामुळे आम्ही फार चौकशी केली नाही. देवळामागच्या मैदानात घर उभं केलं. पहाटे मला जाग आली तेव्हा खिडकीबाहेर नुसतं धुकं होतं. झाडं नव्हती, देऊळ नव्हतं. आपण निघालोय की थांबलोय तेच मला कळेना. धुक्यात मागच्या बाजूला काहीतरी हिरवंजांभळं हललं. मी खाली उतरून पाहिलं तर आई न्हाऊन, नेसून गाडीमागे उभ्या होत्या आणि विद्याधर स्टुलावर चढून काठीला साडी बांधत होता.

"तांब्या सुतळीनं पक्का बांध," आई सांगत होत्या. "गाठी खाली सरकू देऊ नकोस. आणि कडुलिंब असा काय खोचलायस, केस विस्कटल्यासारखा?"

"आई, वारा नाहीये. सुतळी कशाला?"

"तू बांध."

गुढी उभी राहिली. पिवळ्या बसच्या पाठीवर, जराशी ओणवी, नव्या साडीचा पदर धुक्यानं ओलसर. आईंनी रस्त्याकडच्या मातीत बोटानं चार रेघांची रांगोळी ओढली, हळदकुंकू वाहिलं, आम्हाला कडुलिंब आणि गूळ दिला. मला कडू काही चालत नाही, पण त्या दिवशी मी निमूट चावून गिळला. आई हात जोडून उभ्या होत्या. बराच वेळ उभ्या होत्या. मग वळल्या, पायरी चढून आत गेल्या, आपल्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "चल, काढ घर."

"कुठं?" विद्याधर म्हणाला. "गुढी आहे ना वर! उभी केलेली गुढी हलवत नाहीत, तूच सांगतेस."

"मी कुठं हलवतेय? गुढी घरावर आहे. घर चालतंय, त्याला ती काय करणार?"

"पण जायचं कुठं?"

"घाट उतर."

घाट उतरताना धुकं हळूहळू मागे पडलं. मी पुढे विद्याधरजवळ बसले होते आणि आरशातून मला गुढीची नुसती झलक दिसत होती. पदर मध्येच आरशात यायचा आणि नाहीसा व्हायचा. विद्याधरनं वेग इतका कमी ठेवला होता, की एक म्हातारा सायकलवरून आम्हाला मागे टाकून गेला आणि जाताना गुढीकडे बघून कपाळाला हात लावून गेला.

तो रस्ता मला अजून झोपेत दिसतो. खाली उतरलो तसं हवेला मोहोराचा आणि काजूच्या बोंडांचा वास आला. वाटेतल्या प्रत्येक गावात घरोघरी गुढ्या होत्या. कौलांवर, खिडक्यांतून, कुडाच्या भिंतीला टेकलेल्या, एखादी तर गोठ्याच्या दारात. रेशमी, खणाच्या, एके ठिकाणी नुसता नवा टॉवेल. सगळ्या आपापल्या जागी स्तब्ध, आणि त्यांच्यामधून आमची एकटीच चालत निघालेली. तिची सावली रस्त्याच्या कडेनं गवतावरून, दगडांवरून, लोकांच्या अंगणांतून सरकत होती. माणसं ओसरीवरून उठून उभी राहत होती. कुणी हसत नव्हतं. मला वाटलं होतं हसतील.

एका गावात रस्त्यात म्हशी आल्या म्हणून आम्ही थांबलो. शेजारच्या घरातून एक बाई तांब्या घेऊन बाहेर आली. नऊवारी नेसलेली, वयानं आईंएवढीच. तिनं आमच्या मागच्या चाकावर पाणी घातलं, अगदी उंबऱ्यावर घालतात तसं, आणि चाकाला हळदकुंकू लावलं.

"खंयची गुढी गो?" तिनं खिडकीतल्या आईंना विचारलं.

"सांगलीची."

"आणि जातास खंय?"

आईंनी तिच्याकडे पाहिलं, मग गुढीकडे पाहिलं. "लेकीकडे," त्या म्हणाल्या.

विद्याधरचा हात गिअरवर तसाच राहिला. आरशात मी त्याचा चेहरा पाहिला, वय झालेल्या माणसाचा असूनही तो तेव्हा शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखा दिसत होता, खरं वाटत नाही आणि ओरडायचीही भीती वाटते असा.

म्हशी गेल्या. साखरपा मागे पडलं. फाटा आला तसा तो म्हणाला, "आई, इथून उजवीकडे ताईची वाडी."

"उजवीकडे काय आहे ते मला ठाऊक आहे."

"पण तुझी शपथ..."

"मी काय म्हटलं होतं? घर सोडून तिच्या दारात पाय ठेवणार नाही. मी घर सोडलंय का? मी घरात बसलेय, माझे देव घरात आहेत, घरावर गुढी आहे. तू नीट पुढे बघून चालव."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. म्हणजे या बाईनं नळी जोडायला सांगितली तेव्हापासून हे मनात धरलं होतं. नुसत्या गाडीत बसून जाणं तिला पटलं नसतं. गाडीतून गेलं म्हणजे घर सोडलंच. गुढी उभी असली म्हणजे मात्र ते घर, मग त्याला भिंती असोत की चाकं. देवाला दिलेला शब्द मोडायचा नाही आणि लेकीचं दारही गाठायचं, यासाठी तिनं पोराला वेल्डिंगपर्यंत नेलं होतं. आणि तरी मला भीती वाटत होती. कुंदाताई दारातूनच परत पाठवतील, आई खिडकीतून दोन शब्द टोचतील, आणि मग जे उरलंसुरलं होतं तेही जाईल. आईंना दुसऱ्यांदा हे जमणार नव्हतं. त्यांचं वय आणि त्यांचा मान दोन्ही मला माहीत होते.

वाडीचा रस्ता तांबडा होता आणि दोन्ही बाजूंनी काजूची झाडं इतकी जवळ आली होती, की पानं गुढीला चाटून जात होती. ऊन माथ्यावर आलं होतं. वारा अजिबात नव्हता. वाडीतल्या घरांवरही गुढ्या होत्या. एकेक घर मागे जात होतं आणि मी मनात मोजत नव्हते, पण बघत होते. शेवटी सारवलेलं मोठं अंगण आलं. काजूच्या बिया वाळत घातलेल्या. चौकट, दोन खांब, ओसरी.

दारात गुढी नव्हती.

आईंनीही ते पाहिलं. त्यांचा हात गजावर घट्ट झाला. सबंध रस्त्यावर गुढी नसलेलं तेवढं एकच घर होतं.

"पाठ लाव," त्या हळू आवाजात विद्याधरला म्हणाल्या. "घराची पाठ अंगणाकडे कर."

त्यानं गाडी मागे घेतली. कुत्रं भुंकायला लागलं. आवाज ऐकून कुंदाताई बाहेर आल्या, सुपात काहीतरी होतं ते तसंच हातात. केस पांढरे झाले होते, नऊ वर्षांत मी त्यांना बघितलंच नव्हतं. त्यांचे यजमान मोहनराव ओसरीवरून उठले आणि शहाणपणानं पुन्हा बसले. गाडी थांबली. मी उतरून मागे आले. विद्याधरही माझ्यामागून आला.

मागच्या खिडकीत आई होत्या. खिडकीबाहेर गुढी. गुढीसमोर अंगणात कुंदाताई. दुपारच्या त्या उन्हात साखरेच्या गाठीभोवती एक मधमाशी तेवढी फिरत होती.

कुंदाताईंनी गुढीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. नळी, कडी, रबराचे तुकडे, सुतळी.

"काठी तिरकी बसवलीय," त्या म्हणाल्या.

"तिरकीच असते," आई म्हणाल्या.

"एवढी?"

"तुझ्या भावाचं काम आहे."

विद्याधरनं तोंड उघडलं. मी त्याचा दंड दाबला.

कुंदाताईंनी सूप खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळत नव्हतं. राग होता की काय होतं, देव जाणे. आई मात्र त्यांच्याकडे बघत नव्हत्या, काठीकडे बघत होत्या. आणि मग त्या म्हणाल्या, "कुंदे, गुढी उतरव."

"आत्ता?" कुंदाताई गोंधळल्या. "अगं, ऊन डोक्यावर आहे. उन्हं कलल्याशिवाय..."

"नको थांबूस."

"आई..."

"तेव्हा मी थांबले." आईंचा आवाज फुटला नाही, पण फार बारीक झाला. "तू सांगत होतीस आत्ता चल म्हणून. मी थांबले. रोज संध्याकाळी उन्हं कलतात गं, आणि रोज मला ते आठवतं. उतरव ती. तुझ्या हातानं उतरव."

मी कधी आईंना रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही. त्यांनी तोंड आत फिरवलं. रडत होतो ते आम्ही. मोहनराव खांबाकडे तोंड करून उभे होते.

कुंदाताईंनी पायातल्या चपला काढल्या. गुढीजवळ आल्या, आधी हात जोडले, मग विद्याधरनं बांधलेल्या सुतळीच्या गाठी एकेक सोडायला लागल्या. गाठी घट्ट होत्या. विद्याधर मदतीला पुढे झाला, तर त्यांनी त्याला मानेनंच नको म्हटलं. काठी नळीतून निघाली तेव्हा एवढी उंच गुढी त्यांच्या दोन्ही हातांत आली आणि त्या अंगणाच्या मधोमध तिला धरून उभ्या राहिल्या. उतरवलेली गुढी जमिनीवर टेकवत नाहीत. साडीचा पदर त्यांच्या डोक्यावरून खाली आला होता आणि त्या हलत नव्हत्या. भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, त्या अंगणात नऊ वर्षांत कुणी बोललं नव्हतं ते सगळं एकदम बोलून झाल्यासारखं वाटत होतं.

"दारात गुढी का नाही तुझ्या?" आईंनी आतून विचारलं.

"उभीच केली नाही. तेव्हापासून."

"मग ती कर उभी."

"उतरवलेली?"

"माझ्या घरावरची उतरवली. तुझ्या घरावर अजून चढलीय कुठं?"

कुंदाताई हसल्या की हुंदका आला, मला सांगता येणार नाही. त्या चौकटीपर्यंत गेल्या, काठी खांबाला लावून पाहिली. एका हातानं काठी धरून दुसऱ्यानं सुतळी गुंडाळायला गेल्या, तर तांब्या डुलला आणि काठी घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. मोहनराव पुढे झाले, तशा कुंदाताई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही नको." मग वळून खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आई, एकटीला नाही बांधता येत. कुणीतरी धरायला लागतं."

खिडकीत कुणी नव्हतं.

मी गाडीच्या दाराकडे धावले. आई पायरीवर उभ्या होत्या, एका हातानं दाराचा गज धरून, साडी सावरत. त्यांच्यासमोर पायरीची शेवटची पट्टी होती आणि खाली कुंदाताईंचं अंगण.

"आई, तुझी शपथ," विद्याधर म्हणाला. मूर्ख माणूस.

"माझ्या देवाशी मी बघून घेईन," त्या म्हणाल्या. "तू बाजूला हो."

त्यांनी एक पाय अंगणात टेकला आणि 'आई गं' म्हणून पुन्हा वर घेतला. सकाळपासून तापलेलं सारवण होतं. आणि आईंच्या वहाणा आत कुठेतरी पलंगाखाली.

"माझ्या चपला तिथंच आहेत, घाल," खांबाजवळून कुंदाताई ओरडल्या. दोन्ही हातांनी त्यांनी गुढी छातीशी धरली होती, आणि त्या स्वतः अनवाणी होत्या, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर नाचत होत्या. "आणि लवकर ये गं आई, माझे पाय भाजतायत."